तेवढ्यापुरते तात्या

बारामती-इंदापूर रस्त्यावरच्या कुठल्याही गावात जा, एक तात्या सापडतातच. कुठं त्यांना अण्णा म्हणतात, कुठं आबा. पण वाण एकच. नंबरप्लेट एमएच-42, गाडी जुनी मारुती 800, आणि ती दिसायच्या आधी ऐकू येते. तात्या सणसरमधून निघाले की बेलवाडीच्या टपरीवर चहाचं आधण चढतं, असं लोक सांगतात. यात अतिशयोक्ती आहे, पण फार नाही.

गाडीच्या सायलेन्सरला बारीक भोक पडलंय. कधी पडलं ते विचारू नये. तात्यांना विचारलं तर ते म्हणतात, "भोक कुठाय? जरा हवा निसटतीय." फिटरचं पोरगं दर वेळी गाडीखालून तोंड बाहेर काढून सांगतं, "तात्या, पाईप बदला आता."

"बदलू की. उसाचं बिल येऊ दे."

ऊस भवानीनगरच्या कारखान्याला गेलेला असतो. उसाचे पैसे 14 दिवसांत द्यावेत असा कायदा आहे, पण तात्यांची अडचण त्यापुढची. सोसायटीचं कर्ज परस्पर कापलं जातं. उरलेल्यात बोअरची मोटर, धाकटीचं कॉलेज, भावकीतली दोन लग्नं. सायलेन्सरचा नंबर सगळ्यात मागं, गाडीत असतो तसाच.

कुणाला वाटेल तात्या कंजूष. मुळीच नाही. लग्नात आहेराला हात आखडणार नाहीत, पालखी बेलवाडीला रिंगणाला आली की वारकऱ्यांना चहा-बिस्किटं स्वतःच्या खिशातून. त्यांचं प्रेम आहे ते ठिगळावर. नवीन पाईप काय, पैसे टाकले की कुणीही बसवतो. ठिगळाला डोकं लागतं, आणि ते डोकं गावात आपल्या एकट्याकडंच आहे, अशी त्यांची पक्की समजूत.

रविवारी सकाळी हा सोहळा बघण्यासारखा असतो. पोतं अंथरून तात्या गाडीखाली. जॅकच्या जोडीला दोन विटा (विटा वजनानं फुटतात, लाकडी ठोकळा ठेवा हो, असं मी दर वेळी म्हणतो आणि दर वेळी "बघू" हे उत्तर मिळतं). नातवाला हुकूम सुटतो, "गाडी चालू कर, आन् मागच्या नळकांड्यावर फडकं दाब!" मागचं तोंड दाबलं की भोकातून फुसफुस ऐकू येते. भोवती काळी काजळी साठलेली असते, तिथं बोट ठेवायचं. मग गाडी बंद करून पाईप थंड होईपर्यंत चहा. विटा सोडल्या तर इथवरची तात्यांची पद्धत कुठल्याही गॅरेजात मान्य व्हावी.

पुढं मात्र कल्पकता सुरू होते. पहिल्या खेपेला त्यांनी कपड्याचा साबण चोळला. पेट्रोलच्या टाकीला साबण लावून गळती थांबते, हे जुने ड्रायव्हर जाणतात. पण टाकी गार असते आणि इंजिनाजवळचा पाईप कित्येकशे अंश तापतो. सायलेन्सरला फेस आला. मग नळाचं एम-सील. ते नळासाठीच असतं; इंदापूर यायच्या आत करपून गळालं. मग गॅस वेल्डिंग. पण गंजून कागद झालेल्या पत्र्याला टाका घातला की टाका बसतो आणि शेजारी नवं भोक पडतं. शेवटी गोडेतेलाचा डबा कात्रीनं कापून त्याची पट्टी, दोन्ही बाजूंना क्लिप, आणि क्लिपवर भरवसा नाही म्हणून वरून बांधकामाची तार. आता मूळ पाईप कुठला आणि ठिगळ कुठलं हे कळत नाही. गोधडीच झालीय.

सायलेन्सर दुरुस्त करायची पेस्ट स्पेअर पार्टच्या दुकानात मिळते. वायर ब्रशनं गंज खरवडून, जागा ओली करून ती थापायची, वर पट्टी गुंडाळायची आणि इंजिन मंद चालू ठेवून उष्णतेनं आवळू द्यायची. तात्या पेस्ट आणतात. गंज मात्र खरवडत नाहीत. "खरवडला तर राहील काय?" त्यांचा हा प्रश्न बिनतोड आहे.

एकदा सायलेन्सरच्या बुडाशी त्यांना सुईएवढं भोक सापडलं. हर्ष झाला. तेही बुजवलं. ते कंपनीनंच ठेवलेलं होतं, पाणी निघून जायला. एक लिटर पेट्रोल जळलं की जवळजवळ तेवढंच पाणी तयार होतं. लांब पल्ल्याला ते वाफ होऊन निघून जातं. पण घर ते दूध डेअरी आणि डेअरी ते घर, एवढ्यात सायलेन्सर नीट तापतच नाही. पाणी आत साचतं आणि पत्रा आतून खातं. तात्या बाहेरून ठिगळ लावत होते, आणि आतून भोकं पाडायची सोयही त्यांनीच करून ठेवली होती.

आणि ऐट किती! "पीयूसीला आपला आकडा नव्या गाडीपेक्षा कमी!" असेल. भोकातून बाहेरची हवा आत ओढली जाते, धूर पातळ होतो आणि यंत्र फसतं. पुण्याच्या भाच्यानं 2019 पासूनचा दहा हजारांपर्यंतचा दंड सांगितला, तेव्हा तात्या म्हणाले, "मग पाईप त्याच्यापेक्षा स्वस्तच पडंल की." सगळ्यांना वाटलं, आता बदलणार. त्यांनी नवी क्लिप आणली.

भिगवणजवळ रात्री पाईप फुटला तर डब्याच्या पत्र्यानं घर गाठावं, त्याला माझी ना नाही. ठिगळ त्यासाठीच असतं. सायलेन्सरच्या शेपटाशी भोक असेल तर आवाजावर निभावतंही. पण तात्यांचं भोक आता सरकत सरकत पुढच्या सीटखाली आलंय, आणि तिथून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला ना रंग ना वास. रक्तात तो ऑक्सिजनच्या दोनशेपट जोरानं चिकटतो. गळीत हंगामात ऊसट्रॉल्यांच्या मागं गाडी रांगायला लागली, थंडी म्हणून काचा वर असल्या, की धूर खालून वर येऊन आतच राहतो. लासुर्ण्यापर्यंत मागच्या सीटवरच्या मामी कपाळ दाबायला लागतात. "पित्त झालंय," तात्यांचं निदान.

तेव्हा या रस्त्यावर तात्यांनी लिफ्ट दिली तर नाही म्हणू नका, माणूस वाईट वाटून घेतो. फक्त काच वर करू नका, ते कितीही म्हणाले तरी. आणि डोकं दुखायला लागलं तर लिंबू-सोडा मागू नका. गाडी थांबवायला सांगा, उतरा, आणि जंक्शनच्या थांब्यावरून एसटी धरा.