अभ्यासरावांच्या जाई-जुई

एडिसनमधल्या मराठी माणसाला काहीही विकत घ्यायचं असलं, की तो आधी अभ्यासरावांना फोन लावतो. हे अर्थातच त्यांचं पाळण्यातलं नाव नव्हे. ते नाव आता फक्त पासपोर्टवर आणि वहिनींच्या रागात शिल्लक आहे. गादी घ्यायची असो, डिशवॉशर असो, नाहीतर मुलाच्या दातांना तारा लावायच्या असोत, अभ्यासरावांकडे उत्तर नसतं, तक्ता असतो. कुकर कुठला घ्यावा याचा त्यांचा अभ्यास चालू होता, तेवढे महिने वहिनींनी डाळ पातेल्यात शिजवली.

ही जमात न्यू जर्सीतच निपजते असं नाही. पुण्यात दुकानदाराला 'हे मॉडेल कंपनीने बंद केलंय, तुम्हाला कळवलं नाही का?' असं विचारणारे याच घराण्यातले. या लोकांना वस्तू मिळाल्याचा आनंद फारसा होत नाही. आपल्याला कोणी गंडवू शकलं नाही, हा त्यांचा आनंद. फसवणूक झालीच, तर पैशांचं दुःख दोन दिवसांत विरतं, पण 'अभ्यासात कुठे कमी पडलो' हा सल वर्षभर टिकतो.

तर, लेकीने कुत्रा मागितला. अभ्यासरावांनी 'बघू' म्हटलं आणि लॅपटॉप उघडला. कुत्रा पहिल्याच फेरीत बाद झाला. जानेवारीतल्या बर्फात पहाटे त्याला बाहेर कोण नेणार, या रकान्यात घरातल्या कोणाचंच नाव बसेना. मांजर सोफ्यापायी गेलं. ससा वायरी कुरतडतो. हॅम्स्टर दिवसभर झोपून रात्रभर चाक फिरवतो. गाळून गाळून खाली उरला जर्बिल.

जर्बिल म्हणजे मंगोलिया आणि उत्तर चीनच्या कोरड्या माळरानातला, मुठीत मावणारा उंदीर. फक्त शेपटी केसाळ आणि तिच्या टोकाला झुपका. (हा 'फक्त' वहिनींना कधीच पटला नाही.) कोरड्या मुलखातला असल्याने पाणी बेताचं पितो, त्यामुळे टाकी लवकर घाण होत नाही. दिवसाही जागा असतो. १८६६ साली त्याचे नमुने मिळवून पॅरिसला धाडणारा आर्मां दाविद हा तोच फ्रेंच पाद्री, ज्याच्यामुळे युरोपला पांडा ठाऊक झाला. ही माहिती अभ्यासरावांनी मला भर पार्किंगमध्ये, बर्फ पडत असताना दिली.

जर्बिल कुटुंबवत्सल प्राणी. एकटा पडला की खंगतो, म्हणून दोन घ्यायचे. आणि दोन घ्यायचे तर दोन नर किंवा दोन माद्या. तक्त्यात हा निकष लाल अक्षरांत होता.

दुकानातल्या कॉलेजकुमाराने दोन पिल्लं उचलली, उलटी करून डोळ्यांसमोरून फिरवली आणि सांगितलं, 'दोन्ही मुली.' टायरमधल्या हवेबद्दलही दुसऱ्याचं मत घेणारा हा गृहस्थ या दोन शब्दांवर गप्प बसला. आम्हाला याचं फार नवल वाटलं. कारण पुढे वहिनींनी फोडलं. अभ्यासराव उंदराला घाबरतात. लहानपणापासून. काचेच्या टाकीचं आकारमान, तळाशी घालायच्या भुशाची खोली, चाकाचा व्यास, सगळं त्यांनी तपासलं होतं. प्राणी तेवढा हातात घेतला नव्हता.

लेकीने नावं ठेवली जाई आणि जुई.

तिसऱ्या आठवड्यात जाई रुंद दिसायला लागली. अभ्यासरावांनी सूर्यफुलाच्या बिया बंद केल्या. त्यांत तेल फार. जाई तरी रुंदच. मग ज्या काट्यावर ते सकाळी कॉफी तोलतात, त्याच काट्यावर स्टीलची वाटी आली आणि वाटीत जाई. ती मागच्या दोन पायांवर उभी राही, पुढचे हात छातीशी जुळवी आणि आकडा स्थिर होईपर्यंत अभ्यासरावांच्या डोळ्यांत बघत राही. बहात्तर ग्रॅम. पंचाहत्तर. एकोणऐंशी. आलेखाची रेघ वर चालली होती, आणि कॉफी आता वहिनी अंदाजाने करत होत्या.

रविवारी साताऱ्याहून आईंचा व्हिडिओ कॉल आला. फोन टाकीसमोर धरला गेला. आईंनी चष्मा लावला.

"बाळ्या, गाभण हाय की रं ती."

"आई, दोघी मुली आहेत."

"आसू दे. गाभण हाय. आणि उंदरं इकत घेतलीस व्हय? हितं सांगायचं, पोतंभर पाठवली असती."

जाई पुठ्ठ्याची नळी फाडून बारीक पट्ट्या करत होती, कोपऱ्यात नेऊन रचत होती. आईंनी तेही बोट दाखवून पुरावा म्हणून मांडलं. यावर अभ्यासरावांचं म्हणणं असं, की पुठ्ठा फाडणं हा जर्बिलचा बारमाही उद्योग आहे, त्यावरून काही ठरत नाही. हे अगदी खरं आहे. जर्बिलच्या मादीचं पोट शेवटच्या काही दिवसांपर्यंत धड कळतच नाही, हेही खरं. अभ्यासराव बरोबर होते आणि आईही बरोबर होत्या. लग्न झालेल्या पुरुषाला ही परिस्थिती नवी नसते.

आता शक्यता दोनच. जाई दुकानातूनच दिवस घेऊन आली असेल, किंवा जुई ही जुई नसेल. निकाल लावायचा तर उलटं करून शेपटीखाली बघायला हवं. तिथल्या दोन छिद्रांमधलं अंतर नरात जास्त, मादीत कमी. जर्बिलला शेपटीने कधी उचलायचं नाही, शेपटीची कातडी सोलून हातात येते. हे सगळं अभ्यासराव टॉर्च धरून, चार फुटांवरून सांगत होते. शेवटी वहिनींनी हात घालून तव्यावरची पोळी उचलावी तशी जुईला उचलली, उलटी केली आणि टॉर्च जवळ आणायला सांगितला.

वयात आलेल्या नराच्या बाबतीत अंतर मोजायची वेळ येत नाही.

"मला तरी तक्ता लागणार नाही," वहिनी म्हणाल्या.

त्या आठवड्यात मराठी मंडळाची कोजागरी होती. मंडळातल्या स्त्रीरोगतज्ज्ञ डॉक्टरीणबाईंना अभ्यासरावांनी दुधाच्या पातेल्याजवळच गाठलं. जर्बिलचे दिवस चोवीस ते सव्वीस, वजन वाढतंय, बाळंतपण पहिलंच, काय काळजी घ्यावी? बाईंनी पहिला भाग नीट ऐकला नसावा. "वजन किती आहे?" म्हणाल्या. "एक्क्याऐंशी." "किलो?" "ग्रॅम." बाईंनी मसाला दुधाचा पेला टेबलावर ठेवला आणि यांच्या तब्येतीची चौकशी केली.

पण अभ्यासरावांची खरी कसोटी पुढेच होती. जर्बिलचा नर उत्तम बाप असतो. पिल्लांना ऊब देतो, घरटं सावरतो, आई खायला गेली की राखण करतो. म्हणून त्याला काढू नये. मात्र हाच उत्तम बाप, बायको बाळंत झाल्यावर काही तासांतच, पुढच्या बाळंतपणाची सोय करून ठेवतो. म्हणून त्याला काढावा. पण काढलं, की थोड्याच दिवसांत दोघं एकमेकांना परकी होतात, परत एकत्र आणलं तर रक्त निघेपर्यंत भांडतात. म्हणून काढू नये. अभ्यासरावांनी तक्ता केला, गुण दिले, गुणांना वजनं दिली. दोन्ही पर्यायांची बेरीज सारखी आली. त्यांनी दशांश वाढवला. एवढ्यात टाकीतून चूं चूं ऐकू आलं.

पाच पिल्लं. बिनकेसांची, गुलाबी, डोळे मिटलेली, बोटाच्या पेराएवढी. लेक नाचली, वहिनींनी आईंना फोन लावला, आईंनी 'बाळंतिणीला वारा लागू देऊ नका' म्हणून बजावलं. अभ्यासराव टाकीवर कापड घालायला उठले. जुईने तेवढ्या अवकाशात आपलं काम उरकलं होतं.

लेकीने विचारलं, "बाबा, जुई काय करतीये?"

"कुस्ती," अभ्यासराव म्हणाले. आयुष्यात त्यांनी दिलेलं हे पहिलं एका शब्दाचं उत्तर.

पुढची तारीख त्यांनी कॅलेंडरवर मांडली, त्या दिवशी घरून काम घेतलं. काहीच झालं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. सुटलो म्हणून त्यांनी आम्हाला जेवायला बोलावलं. मादी पिल्लांना पाजत असली तर नवा गर्भ रुजायचा थांबून राहतो आणि दिवस लांबतात, हे त्यांनी वाचलं होतं की नव्हतं, कोणी विचारलं नाही. श्रीखंड वाढलं जात असताना टाकीतून पुन्हा चूं चूं आली. सहा. मधल्या काळात जुईची बदली वेगळ्या टाकीत झाली होती, पण बदली नेहमीप्रमाणे उशिरा आली होती.

आता घर शोधणं आलं. सॅन होजेच्या मित्राला अभ्यासरावांनी दोन देऊ केली, तर कळलं की कॅलिफोर्नियात जर्बिल पाळायला कायद्याने बंदी आहे. सुटून रानात गेले तर तिथली कोरडी हवा त्यांना मानवेल आणि पिकं खातील, ही तिथल्या सरकारची भीती. त्या सरकारबद्दल अभ्यासराव प्रथमच आदराने बोलले. १९५४ साली जपानहून अमेरिकेत अकरा जोड्या आल्या आणि आज इथल्या दुकानांत दिसणारी प्रजा मुख्यतः त्यांची, हे सांगून ते आपल्या टाकीकडे बघत आणि मनात गुणाकार करत.

पण देणार कोणाला? घेणाऱ्यासाठी त्यांनी चार पानी अर्ज तयार केला. घरातली आर्द्रता. टाकी खिडकीपासून किती फुटांवर. सुट्टीत भारतात गेलात तर सांभाळणार कोण. मंडळातल्या तीन कुटुंबांनी उत्साहाने अर्ज नेला. एकाने भरून परत दिला, त्याला आर्द्रतेवर नापास केलं. बाकी दोघं रस्त्यात दिसले की दुसऱ्या फुटपाथवर जात. दरम्यान थोरली पाच सहा आठवड्यांची झाली होती. आणखी महिन्या-दीड महिन्यात भावंडांचीच पोरं सुरू होतात. नर-मादी वेगळे करायचं काम अभ्यासरावांनी शनिवारवर ठेवलं होतं. आता ते पिल्लू तळहातावर घेत, हात थोडा लांब धरून का होईना.

शुक्रवारी ते ऑफिसातून आले तेव्हा थोरल्यांची टाकी जवळजवळ रिकामी.

"दिली," वहिनी म्हणाल्या. "शाळेतल्या बाईंना दोन, पलीकडच्या घरात दोन. एक राहू दे, आपल्या पोरीचा जीव जडलाय."

"अर्ज?"

"नाही."

अभ्यासराव खुर्चीत बसले. मग त्यांनी हळूच विचारलं, "बाईंना कुठल्या दोन दिल्यास?"

"कुठल्या म्हणजे? एकटी राहत नाहीत म्हणालास ना, म्हणून दोन-दोन दिली. हाताला लागली ती."

साडेआठच्या सुमारास मी कचऱ्याचा डबा बाहेर ठेवायला आलो, तेव्हा अभ्यासराव गाडी मागे घेत होते. शेजारच्या सीटवर टॉर्च होता.