पाच नंबर कोणाकडे?

मुलुंड पूर्वेचा नवघर रोड, घाटकोपरचे पंतनगर, बोरिवलीचा बाभई नाका, अंधेरीचे विजयनगर. या टापूत रविवारी सकाळी अकराच्या सुमारास एखाद्या खोलीतून बंदुकीचा एकच बार अर्धवट, अडखळत, पुन्हापुन्हा ऐकू आला तर पोलिसांना बोलावू नये. आत साउंडकार्डाचा खटपट्या बसलेला असतो. वय ४५ ते ५५. नोकरी बँकेत, विमा कंपनीत नाहीतर सीप्झमध्ये. समोर कॅबिनेट उघडून ठेवलेला ४८६, हातात भुवया कोरायचा चिमटा (अर्थात घरातल्या दुसऱ्या कोणाचा तरी), ओठांत कार्डावरच्या खिळ्यांवर बसणाऱ्या जंपरची इवलीशी काळी टोपी आणि मॉनिटरवर १९९३ सालचा डूम. 'याचं बालपण काही सुटलं नाही' असे म्हणून लोक त्याला निकालात काढतात. हे निदान चूक आहे. या माणसाला खेळ नको असतो, आणि नीट पाहिले तर आवाजही फारसा नको असतो. त्याला हवे असते भांडण. स्वतःचे नव्हे, दोन त्रयस्थांचे. एकाच वस्तूवर दोघांनी हक्क सांगितलेला आहे आणि कोणाचाही पाणउतारा न होता ते मिटू शकते, असे. उपनगरात या जातीचे भांडण आता मिळत नाही, म्हणून तो ते १९९३ सालातून मागवतो.

भांडणाचे मूळ कळायला संगणक नावाच्या इमारतीचा नकाशा पाहावा लागतो. १९८१ साली आयबीएमने पीसी काढला तेव्हा त्यात इंटेलची ८२५९ नावाची चिप होती आणि तिच्याकडे आठ तारा होत्या. कीबोर्ड, फ्लॉपी, प्रिंटर, ज्याला प्रोसेसरचे लक्ष वेधायचे असेल त्याने आपापली तार ओढायची. या तारेला म्हणायचे आयआरक्यू. १९८४च्या एटी मॉडेलमध्ये मागे आणखी आठ तारांची, म्हणजे आठ खोल्यांची, विंग बांधली, पण तिकडे जायचा जिना काढला दोन नंबरच्या खोलीतून. खोल्या सोळा, राहायला पंधरा; आणि जुन्या दोन नंबरवाल्याला नऊमध्ये हलवले तरी त्याची पत्रे अजून दोनच्याच पत्त्यावर येतात. शून्यात टाइमर, एकात कीबोर्ड, तीन आणि चारमध्ये माउस-मोडेमचे सीरियल पोर्ट, सहात फ्लॉपी, सातात प्रिंटर, चौदात हार्डडिस्क. अशा भरल्या इमारतीत १९८९ साली सिंगापूरच्या क्रिएटिव्ह कंपनीचे साउंड ब्लास्टर राहायला आले आणि त्याने नेमकी सात नंबरची, प्रिंटरची खोली धरली. गंमत अशी की डॉसमध्ये प्रिंटर सहसा ती तार ओढतच नाही. खोली एकाच्या नावावर आणि दाराला कायमचे कुलूप. मुंबईकराला हे समजावून सांगावे लागत नाही. १९९२च्या साउंड ब्लास्टर १६ने बिऱ्हाड पाचात हलवले. ती खोली दुसऱ्या प्रिंटरसाठी राखलेली, आणि घरात दुसरा प्रिंटर ठेवतो कोण? पण हा हिशेब नेटवर्क कार्डाने आणि स्कॅनरच्या कार्डानेही केलेला असतो. मागच्या विंगेत दहा आणि अकरा बहुधा रिकाम्या असतात. पण कित्येक जुन्या खेळांना मागे विंग आहे याचाच पत्ता नाही. पाच आणि सात, फार तर दोन, यापलीकडे ते जिना चढत नाहीत.

वाटून घ्या की, असे कोणी म्हणेल. तेच तर जमत नाही. त्या काळच्या आयसा स्लॉटमधल्या दोन कार्डांनी एकाच वेळी एक तार वापरायची म्हटले की एकाची हाक दुसऱ्याच्या हाकेत बुडते. लोकलमध्ये तिघांच्या बाकावर 'जरा सरका' म्हणून चौथा बसतो, तशी चौथी सीट आयसाच्या बाकावर नाही. पुढे पीसीआय स्लॉट आले, त्यांनी चौथी सीट आणली, तार वाटून घ्यायची रीत घातली. पण त्या नव्या स्लॉटांत जुन्या डीएमएच्या, म्हणजे प्रोसेसरला न गुंतवता मेमरीतून माल नेण्याच्या, वाटा नव्हत्या, त्यामुळे डॉसच्या खेळांना नवी साउंडकार्डे दिसेनाशी झाली. समजूतदारपणा आला आणि आवाज गेला.

आता पुराव्याकडे येऊ. आवाज लागल्यावर हा गृहस्थ काय करतो ते पाहावे. सेटअपमधली चाचणी ऐकतो, खेळात शिरतो, भिंतीवर एक गोळी झाडतो, मान डोलावतो आणि बाहेर पडतो. मग विमा एजंटाने दिलेल्या जुन्या डायरीत नोंद करतो: ए २२०, आय ५, डी १, एच ५, टी ६ (म्हणजे अनुक्रमे पत्ता, आयआरक्यू, दोन डीएमए आणि कार्डाची जात). "अहो, लागला ना आवाज? मग खेळा की आता," असे बायको म्हणाली तर त्याला प्रश्नच कळत नाही. "खेळायचं काय त्यात?" राक्षस मारणे हे त्याच्या लेखी दुसऱ्याचे काम. त्याचे कसब आवाज लागण्याआधीच्या चार तासांत असते. कार्ड सापडतच नाही, तर पत्ता चुकला. पहिला तुकडाच घोळत राहिला किंवा मशीन गोठले, तर आयआरक्यू. नुसती खरखर, तर डीएमए. संगीत सुरेल वाजते आहे आणि बंदूक मात्र मुकी, यावर तर तो प्रसन्न होतो. कारण संगीत वाजवणारी यामाहाची चिप १९८७च्या अ‍ॅडलिब कार्डापासून ३८८ या पत्त्यावर नांदते आहे आणि तिला ना आयआरक्यू लागतो ना डीएमए. तेव्हा भांडण फक्त दुसऱ्या खोलीत आहे, हे तो स्क्रूड्रायव्हर न उचलता सांगतो. पाइपाच्या घरघरीवरून कोणत्या मजल्याचा व्हॉल्व्ह गेला ते सांगणारे जुने प्लंबर या घराण्यातले.

स्मरणरंजनाचा मुद्दा इथे आडवा येतो. माणूस तरुणपणीचे आवाज शोधतो आहे, बिचारा. पण कोणते आवाज? १९९०च्या आसपास उपनगरातल्या मराठी मुलाने संगणक पाहिला तो चपला बाहेर काढून, शाळेच्या गार लॅबमध्ये किंवा कॉम्प्युटर क्लासमध्ये. अ‍ॅपटेक १९८६ साली निघाली होती आणि तिच्यामागून नाक्यानाक्यावर क्लास उगवत होते. तिथे सरांची पाठ वळली की लागायचे ते डेव्ह आणि प्रिन्स ऑफ पर्शिया, आणि ऐकू यायची ती कॅबिनेटमधल्या टिचभर स्पीकरची टुंकटुंक. साउंडकार्ड ही चैन होती. ते आले पुढे, सीडी ड्राइव्ह आणि दोन स्पीकरांबरोबर मल्टिमीडिया किट म्हणून, तेही ज्याच्या घरी आले त्याच्या घरी. आठवणच काढायची तर या माणसाने टुंकटुंक जपावी, आणि तिला एकाही आयआरक्यूची गरज नाही. आपल्या वाट्याला कधी न आलेल्या कार्डासाठी तो झुरतो, याला स्मरणरंजन म्हणणे म्हणजे न झालेल्या लग्नाचा वाढदिवस साजरा करणे. थोडी आठवण असेलही. पण आठवण आपण होऊन चिमटा काढते. तिच्यासाठी दुसऱ्याचा चिमटा पळवावा लागत नाही.

याहून भक्कम आक्षेप डॉसबॉक्सचा. २००२ सालापासून हा कार्यक्रम फुकट मिळतो, कोणत्याही लॅपटॉपवर जुना पीसी आवाजासकट उभा करतो, आणि त्यात २२०, ७, १ हे आधीच ठरवून ठेवलेले असते. सर्वसामान्य कानाला फरक कळत नाही, हे मान्य करायला हवे. खटपट्याही मान्य करतो. त्याच्या लॅपटॉपवर डॉसबॉक्स असतेच. खेळाची फाइलच खराब नाही ना, हे पडताळायला तो गुपचूप वापरतो. म्हणजे आवाज त्याला पाच मिनिटांत मिळालेला असतो आणि तरी तो पुन्हा कॅबिनेटपुढे मांडी घालतो. यापेक्षा सबळ पुरावा कोणता हवा? डॉसबॉक्स ही एकाच भाडेकरूची इमारत आहे. तिथे कोणाचे कोणाशी वाजणार?

मग म्हणतात, हा रोग १९९५ साली विंडोज ९५ बरोबर आलेल्या प्लग अँड प्लेने बरा केला, हा उगाच जुने जंतू पाळतो. प्लग अँड प्लेवर त्याचा खरोखरच राग आहे, आणि तो मला रास्त वाटतो. ती म्हाडाची सोडत आहे. कार्डावर जंपर नाहीत, कोणाला विचारणे नाही. मशीन सुरू होताना बायॉस परस्पर वाटप करते आणि साउंडकार्डाला दहा नंबर देऊन मोकळे होते. खेळ बिचारा पाचच्या दारावर टकटक करत राहतो. म्हणून हा बायॉसमध्ये शिरून पाच नंबरपुढे 'लेगसी आयसा' अशी पाटी लावतो, म्हणजे मूळ रहिवाशांसाठी राखीव.

कच्चा मालही उपनगरच पुरवते, आणि तो पुरवण्याची रीत बरीच विचित्र आहे. इमारत पुनर्विकासाला गेली की माळे रिकामे करावे लागतात, आणि माळ्यावरून पितळी पातेली, पाळणा आणि ३८६ असे क्रमाने खाली येतात. तळमजल्यावर ठेवलेल्यांपैकी पुष्कळ २६ जुलै २००५ला गेले. सांताक्रूझला त्या २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला होता. उरले ते माळ्यावरचे, पण दमट हवा वर्षानुवर्षे खाल्लेले, आणि मदरबोर्डावरची निकेल-कॅडमियमची बॅटरी फुटून तांब्याच्या रेषा हिरव्या पडलेले. काळवंडलेल्या कार्डाच्या सोनेरी पट्ट्यांवर तो शाळकरी खोडरबर फिरवतो, आणि निम्मी कार्डे खरोखर त्यानेच बोलू लागतात. बाकीचे लॅमिंग्टन रोडला, म्हणजे पाटीवरच्या डॉ. भडकमकर मार्गाला, किंवा कुर्ल्याच्या भंगारात. २०१४च्या जूनमध्ये वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर मेट्रो सुरू होईपर्यंत घाटकोपरचे कार्ड लोकलने अंधेरीला न्यायचे तर दादरला गाडी बदलावी लागे. (दोन ८२५९ चिपांचेही एक दादर असते; ते म्हणजे तो दोन नंबर.) आता ही देवघेव तिकीटखिडकीशी उभ्याउभ्या होते. दोन मध्यमवयीन गृहस्थ वर्तमानपत्रात गुंडाळलेली वस्तू इकडून तिकडे देतात आणि जाताना 'जंपर सातवर आहे हं' असे कुजबुजतात. सुरक्षा रक्षकाला संशय आला तर त्याचे काही चुकत नाही.

एक प्रश्न मात्र खरा अडचणीचा आहे. भांडणे मिटवण्याची इतकी हौस, तर हा सोसायटीचा सेक्रेटरी का होत नाही? तिथे तर पाणी आहे, पार्किंग आहे, गळती आहे. आणि आदर्श उपविधींची पुस्तिका ही साउंडकार्डाच्या मॅन्युअलइतकीच बारीक अक्षरात छापलेली असते. तरी तो सर्वसाधारण सभेत मागच्या खुर्चीवर बसतो आणि पार्किंगच्या नकाशाकडे, एखादा निवृत्त पंच मैदानाकडे पाहतो तसा नुसता पाहत राहतो. कारण त्याला फरक ठाऊक आहे. संगणकात दोघांचे भांडण झाले की दोघे गप्प होतात. सोसायटीत दोघांचे झाले की दोन्ही विंगा बोलू लागतात. प्रिंटर असे म्हणत नाही की आम्ही १९८१ पासून सातात आहोत आणि तुम्ही काल आलात. नेटवर्क कार्ड 'पाच मिनिटांसाठीच लावलंय' असे सांगून रात्रभर पाचात राहत नाही. टोपी एका खिळ्यावरून काढून शेजारच्या खिळ्यावर बसवली की निकाल लागला. अपील नाही, उपनिबंधक नाही. जंपर बसवणारी बोटे त्याने सोसायटीसाठीही पुढे केली असती, पण स्टिल्टमधली मोटार चिमट्याने उचलता येत नाही. (हा नमुना जवळजवळ नेहमी पुरुषच असतो, याचाही उलगडा इथेच होतो. बायकांना दोघांमधली भांडणे मिटवायची संधी घरात फुकट मिळते, वर्षभर.)

आणि आमचा तर्क कोणाला अजून पटत नसेल, तर त्याने सगळे सुरळीत चालू झाल्यानंतरचा आठवडा पाहावा. आवाज स्वच्छ, प्रिंटर चालू, माउस हलतो, ६४० केबीत सगळे मावले. खटपट्याचे जेवणावरचे लक्ष उडते. सोमवारी तो मशीन सुरू करून नुसता बघतो. बुधवारी झाकणाचे स्क्रू लावतो. शनिवारी लॅमिंग्टन रोडला 'सहज' जातो आणि परत येतो तो अ‍ॅडाप्टेकचे १५४२ हे स्कझी कार्ड घेऊन. घरात स्कझीची एकही वस्तू नाही. पण या कार्डाचा मूळ पत्ता ३३०, आणि ३३० वर तर साउंड ब्लास्टरची मिडी राहते. डीएमए दोघांनाही पाचच लागतो. तो स्क्रू पुन्हा काढतो आणि आत हाक मारतो, "अगं, तो चिमटा कुठे ठेवलास?"