पिवळा दिवा

नव्या गाडीचं बटण दाबलं की समोरच्या काचेमागे पंधरा-वीस चित्रं एकदम उजळतात. तेलाची बुदली, बॅटरीचा डबा, पोटाशी फुगा धरून बसलेला माणूस, नागमोडी रेषा सोडत घसरणारी गाडी, गोलात कोंडलेलं उद्गारचिन्ह. दोन-तीन सेकंदांत त्यातली बहुतेक विझतात. तेवढ्या वेळात गाडी आपल्या अवयवांची हजेरी घेते आणि दिवे स्वतः शाबूत आहेत हेही दाखवून देते. म्हणून सेकंडहँड गाडी बघायला गेलात तर रंग, सीट आणि म्युझिक सिस्टीम यांच्याआधी हे तीन सेकंद बघा. एअरबॅगचा दिवा लागून विझला पाहिजे. विझलाच नाही तर बिघाड आहे. आणि लागलाच नाही, तर बिघाड कुणीतरी लपवलाय अशी दाट शंका घ्यायला हरकत नाही. त्या वेळी विकणाऱ्याचा चेहरा जरूर बघावा.

या दिव्यांचे रंग ठरलेले आहेत. लाल म्हणजे सुरक्षित जागा बघून थांबा. हिरवा किंवा निळा म्हणजे अमुक एक गोष्ट चालू आहे, बाकी काही नाही. पिवळा म्हणजे आज-उद्या लक्ष घाला. लाल दिव्याला आपण मान देतो, हिरव्याशी आपलं भांडण नसतं. स्वभाव कळतो तो पिवळ्यावर. चौकात पिवळा सिग्नल दिसला की ज्या गावाचा उजवा पाय आपोआप ॲक्सिलरेटरवर दाबला जातो, त्या गावाला डॅशबोर्डवरचा पिवळा दिवा काय सावकाश करणार? "इंजिनाचा दिवा लागलाय तुमचा," म्हणावं तर उत्तर येतं, "तो तसाच असतो." आमच्या सोसायटीतल्या एका गृहस्थांनी त्यावर काळी चिकटपट्टी लावून प्रश्न कायमचा सोडवला आहे. वास्तविक त्या दिव्यामागे एखाद्या सेन्सरची किरकोळ तक्रारही असू शकते आणि मोठं दुखणंही. स्टिअरिंगखालच्या खोबणीत यंत्र जोडून गॅरेजवाला दोन मिनिटांत कोड वाचून सांगतो. तोच दिवा लुकलुकायला लागला तर मात्र वेग कमी करून बाजूला घ्यावं. सिलिंडरमध्ये न जळलेलं पेट्रोल पुढे कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळत असतं, आणि तो भाग बदलण्याचं बिल ऐकून माणूस बाजूलाच बसतो.

जुन्या गाड्यांना असलं काही सांगता येत नसे. माझ्या सासऱ्यांकडे प्रीमियर पद्मिनी होती. कुर्ल्याच्या कारखान्यातली, स्टिअरिंगच्या दांड्यावर गिअर असलेली. ऑक्टोबर २०२३च्या अखेरीस ही गाडी मुंबईच्या टॅक्सींमधूनही निवृत्त झाली, तेव्हा बाबा दिवसभर घरात कुणाशी फारसं बोलले नव्हते. चोक किती ओढायचा, कुठला खडखड टॅपेटचा आणि कुठला सायलेन्सरचा, रबर जळल्याचा वास आला की कुठे हात लावून बघायचा, हे सगळं त्यांच्या कानात, नाकात आणि तळहातात होतं. ती विद्या खरी होती. पंचाईत एवढीच, की गाडी बदलली आणि विद्या मागच्या सीटवर तशीच बसून राहिली.

"अगं, उतार लागलाय, न्यूट्रल कर," हे वाक्य खंडाळ्याचा घाट सुरू झाला की ठरलेलं. जुन्या रस्त्यावर शिंगरोबाच्या देवळाला नमस्कार करायचा, गाडी न्यूट्रलवर सोडायची आणि खोपोलीपर्यंत पेट्रोल वाचवायचं, ही त्यांची तीस वर्षांची शिस्त.

"अहो बाबा, आता गिअरमध्ये ठेवलं तरच पेट्रोल वाचतं."

"असं कसं? इंजिन फिरतंय की."

इंजिन फिरतंय खरं, पण त्याला चाकं फिरवतायत. हल्लीच्या गाडीत उतारावर गिअर तसाच ठेवून ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की संगणक इंजेक्टर बंद करतो. त्या वेळी पेट्रोल जवळजवळ शून्य. न्यूट्रल केलं की चाकांची मदत तुटते, आणि इंजिनाला बंद न पडण्यापुरतं तरी पेट्रोल जाळावंच लागतं. म्हणजे न्यूट्रलमध्ये पेट्रोल जास्त जातं, वर गाडीचं सगळं ओझं ब्रेकवर येतं. ब्रेक तापतात. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषून घेतं, म्हणून ते साधारण दोन वर्षांनी बदलायचं असतं, पण सर्व्हिसिंगच्या अंदाजपत्रकातून आपण पहिली काट मारतो ती त्याच ओळीवर, कारण "ब्रेक तर लागतायत." सपाटीला लागतातच. लांब उतारावर तापलेल्या ऑइलमधल्या ओलीची वाफ होते, वाफ दाबली जाते आणि पॅडल लिबलिबीत होऊन खाली जातं. ज्या गिअरने घाट चढायचा त्याच गिअरने उतरायचा, हा घाटातल्या जुन्या ट्रक ड्रायव्हरांचा नियम आजही तंतोतंत बरोबर आहे.

बाबांना मी म्हटलं, "तुमच्या गाडीला कार्ब्युरेटर होता. तेव्हा तुमचा हिशेब वेगळा होता." ते खूश झाले. ब्रेकच्या बाबतीत न्यूट्रल तेव्हाही चूकच होतं. पण सासऱ्यांना एकाच घाटात दोन चुका दाखवू नयेत.

दुसरा उपदेश पावसातला: "ब्रेक पंप कर, एकदम दाबू नकोस." पद्मिनीत हे शहाणपण होतं, कारण एकदम दाबला तर चाकं जाम होत आणि गाडी घसरत जाई. एप्रिल २०१९पासून आपल्याकडे सगळ्या नव्या कारना एबीएस सक्तीचं आहे. ते पंपिंग ही यंत्रणा स्वतः करते, सेकंदाला अनेकदा. आपला पाय तिच्या जवळपासही पोचत नाही. आपलं काम पॅडल पूर्ण दाबायचं, दाबून धरायचं आणि स्टिअरिंग वळवून अडथळा चुकवायचा. चाकं फिरती राहिल्यामुळे गाडी वळते, हा एबीएसचा खरा उपकार. त्या क्षणी पायाखाली पॅडल थरथरतं, घर्रघर्र आवाज येतो आणि काहीतरी मोडलं असं वाटून भलीभली माणसं पाय उचलतात. म्हणून एखाद्या रिकाम्या मैदानात, मागे कुणी नाही हे बघून, एकदा मुद्दाम करकचून ब्रेक दाबून ती थरथर ओळखीची करून घ्यावी.

तिसरा उपदेश केवळ बाबांचा नाही, निम्म्या महाराष्ट्राचा आहे: उन्हाळ्यात टायरमध्ये हवा कमी ठेवावी, तापून फुगते आणि टायर फुटतो. ऐकायला किती शास्त्रीय! प्रत्यक्षात हवा कमी असली की टायरची बाजू प्रत्येक फेऱ्याला जास्त दबते, जास्त वाकते आणि त्या वाकण्यानेच टायर आतून तापतो. उन्हाने फुटतो त्याहून कमी हवेने जास्त फुटतो. कंपनीने सांगितलेला आकडा ड्रायव्हरच्या दारापाशी खांबावर चिकटवलेला असतो. गाडी उभी राहून टायर थंड झालेला असताना तेवढी हवा भरायची, चैत्र असो की पौष. नायट्रोजनबद्दल विचाराल तर भरा, तोटा काही नाही. मात्र साध्या हवेत मुळात ७८ टक्के नायट्रोजन असतो, म्हणजे पैसे उरलेल्या २२ टक्क्यांचे चाललेत, हे पावती घेताना मनात असू द्यावं.

नागपूर-मुंबई समृद्धी महामार्ग झाल्यापासून या हवेला फारच महत्त्व आलं आहे. ७०१ किलोमीटरचा सरळ सिमेंटचा रस्ता आणि कारला ताशी १२० किलोमीटरची परवानगी. या वेगाला गाडी सेकंदाला ३३ मीटर जाते. "कुणाचा मेसेज आहे तेवढं बघतो," यात तीन सेकंद गेले तर १०० मीटर रस्ता कुणीच न बघता गेला. एवढ्या वेगात गाडी आणि महाराष्ट्र यांच्यात संबंध असतो तो साधारण तळहाताएवढ्या रबराच्या चार तुकड्यांचा. तरी गाडी दाखवायला कुणी आलं की आपण सनरूफ उघडून दाखवतो. टायरच्या कडेवर चार आकडी शिक्का असतो. २३१९ असेल तर तो २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात जन्मला. नक्षीच्या खाचांत खोल कुठेतरी छोटे उंचवटे असतात. झिजून नक्षी त्यांच्या बरोबरीला आली की खोली १.६ मिलिमीटर उरली, टायर संपला. हे दोन्ही बघायला गुडघ्यावर बसावं लागतं, हीच अडचण. काही गाड्यांत हवेचा सेन्सर असतो आणि त्याचाही पिवळा दिवा असतो. पण तो बरीच हवा गेल्यावर लागतो, आणि टायरचं वय तर त्याला मुळीच कळत नाही.

गाडी सांगते ते ऐकायचं नसेल तर आपल्याकडे उपायांना तोटा नाही. जुलै २०१९पासून नव्या गाड्या पट्टा न लावल्यास टुंगटुंग करतात, ताशी ८०च्या पुढे अधूनमधून आणि १२०च्या पुढे सलग वाजतात. यावर बाजाराने नुसत्या बकलचा धातूचा तुकडा विकायला काढला. तो खाचेत खोचला की गाडीला वाटतं माणूस पट्ट्यात बसलाय. अखेर २०२३मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाला ऑनलाइन विक्रेत्यांना ते तुकडे काढून टाकायला सांगावं लागलं. गाडी वाचवण्यासाठी फसवाफसवी समजू शकते, पण स्वतःला वाचवणाऱ्या वस्तूला फसवायला पैसे मोजणारा ग्राहक जगाच्या पाठीवर फार नसावा. तीन बिंदूंचा हा पट्टा व्होल्वोतल्या निल्स बोलिन या अभियंत्याने १९५९मध्ये आणला आणि कंपनीने तो इतरांनाही वापरू दिला. मागच्या सीटवरही तो कायद्याने लागतोच. पालघरजवळ ४ सप्टेंबर २०२२च्या अपघातात उद्योगपती सायरस मिस्त्री गेले, ते मागे बसले होते आणि पट्टा लावलेला नव्हता. त्यानंतर महिनाभर सगळ्यांनी मागचे पट्टे शोधले. ते सीट कव्हरच्या खाली सापडले.

सीट कव्हरचंही एक आहेच. ज्या गाडीत बाजूची एअरबॅग सीटच्या कडेतून उघडते, तिच्या सीटवर आपण जाड लेदरेटचं गच्च कव्हर चढवतो. उघडणाऱ्या फुग्याला वाट कशी मिळणार? डॅशबोर्डवर उजवीकडून डावीकडे गणपती, पाण्याची बाटली आणि मान हलवणारा कुत्रा. एअरबॅग डोळ्याचं पातं लवायच्या आत फुगते, आणि तिच्या झाकणावर चिकटवलेली वस्तू त्याच वेगाने समोरच्याच्या तोंडावर येते. देवाला जागा द्यावी, पण फुग्याच्या झाकणावर नको. शिवाय देव डॅशबोर्डवर बसला म्हणून त्याचं वाहन बॉनेटखाली गप्प बसतं असंही नाही. पावसाळ्यात उंदीर इंजिनाच्या उबेला येतात आणि वायरिंग कुरतडतात. त्यावर आमचा मेकॅनिक तंबाखूच्या पानांची पुरचुंडी बांधतो. तिचा गुण येतो की उंदरांना व्यसन लागतं, यावर गॅरेजमध्ये दोन तट आहेत.

खंडेनवमी आणि दसऱ्याला मात्र गाडीची सेवा मनापासून होते. बॉनेट उघडलं जातं, हळदकुंकू लागतं, चाकाखाली लिंबू जातं, जाळीवर झेंडूचा जाडजूड हार चढतो. आता बऱ्याच गाड्यांत पुढची गाडी ओळखणारा रडार त्या जाळीच्या किंवा बोधचिन्हाच्याच मागे असतो. हार तसाच ठेवून हायवेला लागलात तर रडारला सगळीकडे झेंडूच दिसायचा. पूजा झाल्यावर हार काढावा. पुण्यात हा रडार तसाही दुःखीच असतो. पुढच्या गाडीपासून तो जे सुरक्षित अंतर राखू बघतो, ते अंतर म्हणजे दोन दुचाकी आणि एक रिक्षा यांना आमंत्रण असतं.

पाण्याबद्दल एकच सांगते, कारण इथे कुठलाही दिवा वेळेवर मदतीला येत नाही. तुंबलेल्या रस्त्यात गाडी बंद पडली तर पुन्हा स्टार्ट मारू नका. सिलिंडरमध्ये हवेबरोबर पाणी गेलेलं असेल तर पाणी दाबलं जात नाही, आतला कनेक्टिंग रॉड वाकतो, आणि असं नुकसान साध्या विम्यात बहुधा बसत नाही. ढकलून बाहेर काढा, टो करून न्या. मागचे लोक हॉर्न वाजवतील, वाजवू द्या.

हे सगळं ज्यात लिहिलंय ते जाड पुस्तक तुमच्या ग्लव्ह बॉक्समध्ये, प्लॅस्टिकच्या पिशवीत, पीयूसीच्या जुन्या पावत्यांखाली आहे. सगळं वाचायचा आग्रह नाही. दिव्यांचं पान, टायरच्या हवेचं पान आणि जॅक कुठे लावायचा ते पान, एवढी तीन पुरेत. आणि वाचून झालं की डिकीतलं सामान काढून खालची स्टेपनी बघा. बहुतेक गाड्यांत तिला सेन्सर नसतो, तेव्हा तिची हवा तेवढी या रविवारी पंपावर भरून घ्या.