बघूशेठ

ऑफिसला जायला चार-पाच जणांनी मिळून एकच गाडी काढावी, या कल्पनेला आमच्या बघूशेठइतका मनापासून पाठिंबा दुसऱ्या कोणी दिलेला मी पाहिला नाही. हिंजवडीच्या वाटेवर भूमकर चौकात गाड्या तुंबल्या की ते हमखास कोणाला तरी फोन लावतात. "अहो, काय सांगू, प्रत्येक गाडीत एकटा माणूस! पाच जणांची गाडी आणि आत एक टाळकं. कसं व्हायचं या शहराचं?" हे फोनवर बोलावे लागते, कारण त्यांच्या गाडीत ऐकायला दुसरे कोणी नसते.

शेठपण आम्ही दिलेले. माणूस नोकरदार, दोन पिढ्या मास्तरकीच्या घरातला. सहल असो, वर्गणी असो, नाहीतर नुसता टपरीवरचा चहा असो, उत्तर एकच: "बघू." कधी 'नाही' म्हणून कोणाला दुखवले नाही आणि कधी 'हो' म्हणून कशात अडकले नाहीत.

आमची मागणी साधी होती. टेस्टिंगमधली एक मुलगी बावधनला राहते, एक नवा पोरगा डहाणूकर कॉलनीत, अकाउंट्सचे काका वारज्याला आणि मी कोथरूडला, बघूशेठांच्या शेजारच्याच सोसायटीत. सगळ्यांचे ऑफिस हिंजवडी फेज वनला, एकाच इमारतीत. जायला वीसेक किलोमीटर, यायला तेवढेच. मी पहिल्यांदा विषय काढला तेव्हा आमच्या वाटेवरच्या चांदणी चौकातला, पाडायचा ठरलेला जुना पूल अजून उभा होता. "तो एकदा पडू दे, मग बघू," शेठ म्हणाले. २ ऑक्टोबर २०२२ च्या मध्यरात्रीनंतर तो स्फोटकांनी पाडला. अर्ध्या पुण्याने ते टीव्हीवर पाहिले, शेठांनीही पाहिले. दुसऱ्या दिवशी म्हणाले, "आता नवा होऊ दे." १२ ऑगस्ट २०२३ ला नव्याचेही उद्घाटन झाले. मग शेठांनी मेट्रोचा विषय काढला. आता माण-हिंजवडी ते शिवाजीनगर या मेट्रोचे भूमिपूजन डिसेंबर २०१८ मधले, स्थानके तेवीस, आणि त्यांतले एकही कोथरूडला नाही. म्हणजे आधी दुसऱ्या मेट्रोने वनाजहून उलट पूर्वेला सिव्हिल कोर्टापर्यंत जायचे, तिथे गाडी बदलायची आणि पुन्हा पश्चिमेला हिंजवडी गाठायची. हा द्राविडी प्राणायाम त्यांना मी नकाशावर बोट ठेवून समजावला. त्यांनी तो शांतपणे ऐकून घेतला. "तेही खरंच," म्हणाले. "बघू."

शेवटी मुलीने सरळच विचारले, "सर, तुमची अडचण नेमकी काय आहे?" तेव्हा कळले की अडचण नाही, अभ्यास चालू आहे.

तो अभ्यास मी पाहिला आहे. एक्सेलची फाइल, तिच्यात सहा पाने. चाळीस किलोमीटरला अडीच लिटर, लिटरला १०४ रुपये, म्हणजे दिवसाचे २६० रुपये. आपण इथे थांबलो असतो. पाच जणांत ५२ रुपये, पन्नास घ्या आणि मोकळे व्हा. पण शेठ पुढे गेले. टायरची झीज, सर्व्हिसिंग, विम्याचा हप्ता आणि गाडीचा घसारा! घसारा प्राप्तिकराच्या नियमाने दरवर्षी उरलेल्या किमतीवर पंधरा टक्के. मग आणखी एक पेच. बावधनची मुलगी वाटेत चढणार, तिला पूर्ण भाडे लावायचे का? आणि मालकाने भागाकारात स्वतःला धरायचे की नाही? धरले तर गाडीही त्याची आणि भाडेही त्याचेच. न धरले तर तो फुकट गेल्यासारखा होतो, आणि फुकट हा शब्द त्यांच्या घराण्यात कोणी उच्चारलेला नाही. शेवटी माणशी ६४ रुपये ३८ पैसे असा आकडा निघाला. त्या खोलात जाऊन वर आलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर काय समाधान होते!

एवढ्यात त्यांनी मोटार वाहन कायदा वाचला. पांढऱ्या पाटीच्या खासगी गाडीत भाडे घेऊन माणसे नेता येत नाहीत, त्याला परवाना लागतो. विम्याच्या कागदावरही बारीक अक्षरात तेच. पेट्रोलची वाटणी म्हणजे भाडे का, यावर त्यांनी दोन वकिलांना विचारले. वकिलांची मते पडली तीन. फाइलमध्ये सातवे पान आले.

इथवर वाचून तुम्ही म्हणाल, माणूस कंजूष आहे. मलाही तसेच वाटे. पण एका जुलैमध्ये दोन दिवस पाऊस असा कोसळला की रिक्षा मिळेना, बसचा पत्ता नाही, आणि शेठ स्वतःहून म्हणाले, "या, बसा. एक दिवस प्रायोगिक तत्त्वावर." तो दिवस मी मागच्या सीटवर मधोमध बसून काढला आणि माझे मत बदलले.

पुढे काका, त्यांच्या गुडघ्यांमुळे. मागे आम्ही तिघे, मांडीवर लॅपटॉपच्या पिशव्या. गाडी निघाली आणि लक्षात आले की शेठांना काहीच करता येत नाहीये. एरवी हा माणूस गाडीत गातो म्हणे. डॅशबोर्डवर नाट्यसंगीताच्या सीडी होत्या, त्यांच्याकडे त्यांचा हात दोनदा गेला आणि दोनदा परत आला. पाषाण-सूसपाशी एक दुचाकीवाला उलटा अंगावर आला. शेठांचे तोंड उघडले, आरशात मुलगी दिसली, तोंड मिटले. "काय घाई असते बिचाऱ्यांना," ते म्हणाले. कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. एसी किती ठेवू, हे त्यांनी चौघांना वेगवेगळे विचारले. काकांना वारा बाधतो, पोराला उकडते. शेठ बालेवाडीपर्यंत बटण वर-खाली करत होते.

संध्याकाळी सहाला निघायचे ठरले होते. मुलीचे काम अडले. ती म्हणाली, "सर, तुम्ही व्हा पुढे, मी येते कशीही." सरळ मार्ग होता. पण शेठ म्हणाले, "छे छे, मलाही जरा काम आहेच." काम काही नव्हते. साडेसातपर्यंत ते रिसेप्शनवर जुनी मासिके चाळत बसले होते.

आणि मग तो क्षण आला. डहाणूकरला उतरताना पोराने खिशातून फोन काढला. "सर, किती करू जीपे?"

सात पानांची फाइल, घसारा, दोन वकील आणि ६४ रुपये ३८ पैसे, सगळे त्या माणसाच्या जिभेच्या टोकाशी होते. शेठ हसले. हात हवेत झाडला. "अरे, राहू दे रे! पैशाचं काय घेऊन बसलास!"

मी मागून पाहत होतो. माणूस कंजूष नाही. माणूस भिडस्त आहे, आणि भिडस्त माणसाचा हिशेब कंजुषाहून चोख असतो, कारण तो कधी कोणाला दाखवायचा नसतो. रात्री त्यांनी फाइलमध्ये त्या दिवसाची नोंद 'येणे' अशी केली असणार, याची मला खात्री आहे.

प्रकरण इथेही मिटले असते. पण काका जुन्या वळणाचे. फुकट बसले हे त्यांना टोचले आणि दुसऱ्या दिवशी काकूंनी केलेल्या अळूवड्यांचा डबा त्यांनी शेठांच्या टेबलावर ठेवला. अळूवड्या उत्तम होत्या. शेठांची झोप उडाली. डबा रिकामा परत कसा द्यायचा? काही घालून दिला, तर काका पुन्हा काही आणतील. गाडीत पुन्हा बसले, तर हे चक्र दर आठवड्याला. अळूवडीची किंमत कोणत्या रकान्यात घालायची?

शेवटी शेठांच्या घरी वहिनींनी चिमूटभर साखर घातली, झाकण लावले आणि डबा हातात दिला. वहिनी पौड रोडवरच्या शाळेत शिकवतात. दोन सहकारी बाईंबरोबर वर्षानुवर्षे एकाच रिक्षाने जातात. पैसे कोण देते, असे मी एकदा विचारले. "जिच्याकडे सुटे असतील ती," त्या म्हणाल्या. मग मी कोणते तरी गहन गणित विचारल्यासारखे माझ्याकडे पाहिले. "अहो, एवढं काय त्यात? चुकलं-माकलं तर एखाद्या दिवशी भेळ खातो." मला वाटते, पुण्यातली निम्मी वाहतूक कोंडी भेळेने सुटेल. पण हे नियोजनकारांना सांगायला जायचे कोणी?

पुढे काय झाले, तर काकांनीच त्यांची सीएनजीवरची वॅगन-आर काढली. डिकीत सिलिंडर, त्यामुळे पिशव्या मांडीवरच. महिन्याला प्रत्येकी हजार रुपये, कमी-जास्त झाले तर काकांचे नशीब. एसी काका म्हणतील तेवढा. सहा वाजता गाडी सुटते, जो खाली नसेल त्याने बस पकडायची. पहिल्या आठवड्यात मुलीची गाडी दोनदा चुकली, तिसऱ्यांदा ती पावणेसहालाच खाली उभी होती. पोरगा वाटेत घोरतो. काकांना गाणे लागत नाही, बातम्या लागतात आणि बातम्यांवर त्यांची मते असतात. सुखाचा प्रवास आहे असे मी म्हणणार नाही. पण होतो.

शेठ अजून एकटेच येतात. वाकडला कधी त्यांची गाडी आमच्या शेजारी येऊन उभी राहते. काचा वर असतात, ओठ हलत असतात, मान डोलत असते. बहुधा एखादी तान चालू असते. आम्हाला पाहिले की ते दचकतात, काच खाली करतात आणि विचारतात, "कसं चाललंय? चौघेच का? एक जागा रिकामी दिसतेय."

"तुमच्यासाठीच ठेवलीय, शेठ," काका ओरडतात.

"बघू!"

जागा मागे मधली आहे, पाय थोडे आखडतात. वारजे, कोथरूड किंवा बावधनला राहणारे आणि फेज वनला जाणारे कोणी असाल तर काकांना विचारून टाका. शेठांचे ठरेपर्यंत थांबायची गरज नाही.