अक्षय्य तृतीयेचा अनिवासी

माढ्यातल्या वडिलांच्या घराला 2025च्या मार्चमध्ये गिऱ्हाईक चालून आलं. भाव ठरला चाळीस लाख. उसाचा बागायतदार, चेकबुक खिशात घालूनच आलेला. म्हणाला, "उद्याच दुय्यम निबंधकाकडं जाऊ की." पण मी मे महिन्यात जर्मनीला नोकरीसाठी निघालेलो, म्हणजे निम्मा साहेब झालेलो. म्हटलं, "घाई कशाला पाव्हणं? 30 एप्रिलला अक्षय्य तृतीया आहे. त्या दिवशी केलेलं अक्षय राहतं."

राहिलं. माझा प्राप्तिकर.

दरम्यान चौकात फ्लेक्स लागला : 'माढ्याचे सुपुत्र कायमचे जर्मनीला, हार्दिक शुभेच्छा'. खाली 'शुभेच्छुक : मित्रपरिवार'. पैसे मीच दिले होते, पण परिवारात मीही येतोच. तो फ्लेक्स पाव्हण्यांच्या सीएनं वाचला आणि खरेदीखताच्या आदल्या दिवशी पाव्हणं ओट्यावर येऊन टेकले. "सर, तुम्ही आता इथलं राहिलाच नाही म्हणं. कराचे पाच लाख वीस हजार कापून द्यायला सांगितलंय."

"अहो, मी तुमच्यासमोर बसलोय!"

पण कायदा ओटा बघत नाही, 1 एप्रिल ते 31 मार्चमधले दिवस मोजतो. नोकरीसाठी बाहेर जाणाऱ्याचे त्या वर्षात भारतात 182 दिवस भरले नाहीत, तर तो अख्ख्या वर्षासाठी अनिवासी. मे महिन्यात विमानात बसणारा माणूस एप्रिलमध्येच परका! अफजलखानाच्या स्वारीत पंढरीचा विठोबा माढ्याला हलवला आणि मूळ मूर्ती इथंच राहिली, असं संशोधक रा. चिं. ढेऱ्यांनी मांडलं. त्याचे दिवस कुणी मोजले नाहीत, हे त्याचं भाग्य.

आता रडगाण्याचा हिशेब. घर जुनं, म्हणून 1 एप्रिल 2001ची किंमत धरायची. ती निघाली आठ लाख. मार्चमध्ये विकलं असतं तर निवासी म्हणून ती महागाई निर्देशांकानं एकोणतीस लाखांवर गेली असती आणि उरलेल्या नफ्यावर 20 टक्क्यांनी, उपकर धरून, सव्वादोन लाखांच्या आसपास कर बसला असता. व्यवहार पन्नास लाखांच्या आतला, त्यामुळं पाव्हण्यांना एक रुपयाही कापावा लागला नसता. पण जुलै 2024च्या अर्थसंकल्पानंतर ही निर्देशांकाची सवलत फक्त निवासींना उरली. अनिवासीला सरळ बत्तीस लाखांच्या नफ्यावर साडेबारा टक्के. उपकरासह चार लाख सोळा हजार. शिवाय सीएनं सावधपणे कपात केली ती नफ्यावर नव्हे, पूर्ण चाळीस लाखांवर. वरचे एक लाख चार हजार विवरणपत्र भरून परत मागायचे, तेही जर्मनीत बसून.

मुहूर्त मात्र उत्तम होता. दुपारी दस्त झाला, पेढे वाटले. पेढ्यांवर कपात नव्हती.

तुमचंही घर विकून परदेशी जायचं ठरत असेल, तर दस्त मार्चअखेरच्या आत करा. ते जमणार नसेल, तर कमी दरानं करकपातीचं प्रमाणपत्र मिळतं. त्यासाठी प्राप्तिकर खात्याकडं अर्ज खरेदीखताच्या आधी करावा लागतो, पेढे वाटून झाल्यावर नाही.