तीन वर्षांची सनद

ट्यूसन, ॲरिझोना
पौष शुद्ध पंचमी

ती. मामंजी यांचे सेवेशी,
कृतानेक शिरसाष्टांग नमस्कार विनंती विशेष.

आपले पत्र पावले. चिरंजीव नोकरीत कायम झाले किंवा कसे, याचा खुलासा एका ओळीत व्हावा, अशी आपली आज्ञा आहे. परंतु मामलेदार कचेरीत अव्वल कारकून म्हणून ज्यांनी हयात घालविली, त्यांना काही प्रकरणे एका ओळीत मावत नाहीत हे सुनेने सांगावयास नको.

डॉक्टरेट मिळाल्यानंतर आणि प्राध्यापकी मिळण्यापूर्वी जो अधांतरी हुद्दा असतो, त्यास येथे पोस्टडॉक म्हणतात. त्यात दोन जाती. सामान्य पोस्टडॉकचा तनखा प्राध्यापकांच्या अनुदानातून निघत असल्याने संशोधनाचा प्रश्नही प्राध्यापकांचाच असतो. हे सध्या त्या जातीत मोडतात. फेलो मात्र स्वतःचा तनखा आणि स्वतःचा प्रश्न घेऊन, हाती सनद असलेल्या इनामदाराच्या तोऱ्यात, विद्यापीठात प्रवेश करतो. नासाच्या हबल फेलोशिपवर दरसाल जेमतेम दोन डझन नेमणुका होतात आणि अर्ज शेकड्यांनी येतात. दुसरी हायझिंग-सायमन्स प्रतिष्ठानाची, ५१ पेगासी बी या ग्रहाच्या नावाची. मुदत दोहोंचीही तीन वर्षे.

हा ग्रह आपल्या परिचयाच्या टापूतला आहे. गच्चीवरून आपण मला पूर्वा भाद्रपदाच्या ज्या दोन तारका दाखविल्या होत्या, त्यांना जोडणाऱ्या रेषेच्या किंचित पश्चिमेस तो मूळ तारा अंधुकसा लुकलुकतो. त्याभोवतीचा ग्रह मिशेल मेयर आणि त्यांचे तेव्हाचे विद्यार्थी दिदिए केलोझ यांनी १९९५ साली हुडकला, आणि त्याबद्दल २०१९ साली नोबेल पारितोषिकात त्यांना वाटा मिळाला. गुरूच्या जातीचा तो धिप्पाड ग्रह आपल्या ताऱ्याला अवघ्या सव्वाचार दिवसांत प्रदक्षिणा घालतो. अर्थात आपली तीन वर्षे म्हणजे तेथील अडीचशेहून अधिक वर्षे. त्या पंचांगाने पाहता ही नेमणूक हंगामी नसून निव्वळ वंशपरंपरागत वतन ठरते, हे मी ह्यांच्या निदर्शनास आणले. ह्यांना त्यात विनोद दिसला नाही.

खरी मौज कालगणनेचीच आहे. येथील विद्यापीठाच्या नेतृत्वाखाली २०१६ साली निघालेले ओसायरिस-रेक्स यान बेन्नू नामक लघुग्रहावरची माती खरवडून २०२३ च्या सप्टेंबरात परतले. माती भरली १२१.६ ग्रॅम, म्हणजे आपल्या हिशेबाने सुमारे साडेदहा तोळे. यान जाऊन येईपर्यंत सात वर्षे उलटली; तेवढ्यात दोन फेलोशिपा संपून तिसरीची दरखास्त करण्याची वेळ येते. साडेचारशे कोटी वर्षांपूर्वीच्या धुळीचा जबाब ज्यांनी नोंदवावयाचा, त्यांनाच पुढल्या वर्षी आपला मुक्काम कोठे असेल हे ठाऊक नसते, आणि परक्या देशात व्हिसाही त्याच मुदतीला बांधलेला असतो, ही व्यवस्था मला तरी शहाणपणाची वाटत नाही.

ह्यांचे या दोन्ही फेलोशिपांचे अर्ज ऐन दिवाळीच्या सुमारास रवाना झाले. चकल्या मी एकटीनेच तळल्या. आपल्या ओळखीच्या निवृत्त जिल्हाधिकाऱ्यांचे शिफारसपत्र धाडण्याची आपली तयारी वाचून ह्यांना गहिवरून आले, तथापि शिफारशी तिघांच्याच आणि त्याही ज्योतिर्विदांच्या मागवतात.

आता पंधरा फेब्रुवारीची वाट पाहणे आले. त्या तारखेपूर्वी उमेदवारावर होकार-नकाराची सक्ती करू नये, असा येथील ज्योतिर्विदांच्या संस्थेचा फार जुना ठराव आहे. हेतू दयाळूपणाचा खरा. पण तोवर भाड्याच्या घराचा करार, मुलीची शाळा आणि विमानाची तिकिटे, सारे काही तहकूब.

म्हणून चि. बंडूच्या मुंजीचा मुहूर्त वैशाखाअलीकडे धरू नये, ही विनंती. फेलोशिप मिळाल्यास आम्ही पंधरा दिवसांकरिता येऊ. न मिळाल्यास चांगले सवडीने येऊ.

ती. सासूबाईंस साष्टांग नमस्कार. लोभ असावा.

आपली आज्ञाधारक
सूनबाई