शटडाऊनशिवाय झाकण नाही

भिलाईत रिटायर्ड काका ओळखायला त्यांचं वय विचारावं लागत नाही. संध्याकाळचे सहा वाजले की जो गृहस्थ 'बी शिफ्ट अर्धी झाली' म्हणतो, तो नक्की प्लांटचा. मूळ गाव भंडारा किंवा नागपूरकडचं, सगळी नोकरी ब्लास्ट फर्नेसवर, आता सेक्टरमधलं क्वार्टर सोडून नेहरूनगरात स्वतःचं घर. घरी मात्र अजून यांचीच ड्युटी चालू!

अशा काकांची बेंगळुरूची मुलगी सुटीत व्हीगन होऊन आली. काकू हबकल्या. तूप नाही, दही नाही, मग मुलीनं खायचं काय? काका उलट खुलले. "स्पेसिफिकेशन सांग." मुलीनं पास्ता सुचवला. "कुकरमध्ये होतो बाबा, झटपट."

झटपट हा शब्द काकांपुढे काढायचा नसतो.

काकांनी पुडीवरचा हिरवा ठिपका दाखवला. मुलगी म्हणाली, "हा शाकाहारी पदार्थाचा, बाबा. यात दूध असू शकतं. व्हीगनसाठी हिरवा व्ही असतो, 2022च्या नियमांत आलाय." नियम म्हटला की काकांना पान्हा फुटतो. व्ही सापडला नाही तेव्हा चष्मा लावून घटक वाचले: गव्हाचा रवा. बस्स. माल पास.

टोमॅटो सुपेल्याच्या बाजारातून आले, तेही 'धमधाकडचे आहेत ना?' अशी खात्री करूनच. मग इन्स्पेक्शन. कुकरची रिंग ताणून पाहिली, शिट्टीचं भोक ट्यूबलाइटकडे धरून तपासलं आणि सुईनं साफ केलं. शेजारचा मुलगा कोथिंबीर मागायला आला होता, तो सापडला. "शिट्टीचं वजन उचललं की आत एक किलो जादा प्रेशर. पाणी शंभरला नाही, एकशेवीसला असतं. म्हणून लवकर शिजतं." पोरगं कोथिंबीर न घेताच गेलं. काकांचं म्हणणं, 4 फेब्रुवारी 1959ला राजेंद्रप्रसादांनी इथली पहिली भट्टी सुरू केली आणि हॉकिन्स कंपनीही त्याच साली निघाली, हा काही योगायोग नव्हे.

कुकरमध्ये तेल, ठेचलेला लसूण, कांदा. टोमॅटो मऊ झाल्यावर शिमला मिरची, पास्ता, मीठ आणि पास्ता जेमतेम बुडेल इतकं पाणी. कुकर अर्ध्याच्या वर भरायचा नाही. पास्त्याचा स्टार्च फेसाळून शिट्टीत शिरला तर जाम होतो. हे मात्र काकांचं शंभर टक्के बरोबर, तुम्हीही लक्षात ठेवा. चीजऐवजी भिजवलेले काजू वाटून ठेवले होते. काकूंच्या मते ते बर्फीचे काजू होते, त्यावर चर्चा झाली.

दोन शिट्ट्या झाल्या, गॅस बंद. मुलगी चिमटा घेऊन धावली. "बाबा, वाफ लगेच काढायची असते, नाहीतर गाळ होतो!"

काका आडवे उभे. "आत प्रेशर असताना झाकणाला हात? प्लांटमध्ये चार्जशीट मिळते. वाट पाहा. अजून उतरून नाही राहिलं."

"झाकण नका उघडू, नुसती शिट्टी वर उचला."

"वाफ कोणाच्या अंगावर सोडू? परमिट आहे?"

कुकर आपल्या मर्जीनं थंड झाला तोवर पास्त्यानं आपला आकार सोडून दिला होता. काजूची पेस्ट घालून काकांनी तो घोटला. चव खरंच छान होती, असं मुलगीही म्हणाली. पण पास्ता दाताला थोडा लागायला हवा होता, हेही म्हणाली.

काकूंनी आपल्या ताटात चमचाभर घेऊन पाहिलं. "या तर चिकोल्याच आहेत हो." आणि त्यावर तूप घेतलं.

काका मुलीकडे वळले. "दाताला लागायला हवा म्हणजे? अर्धा कच्चा माल आम्ही आजवर डिस्पॅच केलेला नाही."